सीटी-एमआरआयच्या अहवालाला लागणारा वेळ मोजा: आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, आणि
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: मेंदू व मज्जारज्जूच्या आजारांसाठी शासकीय रुग्णालयांत मिळणाऱ्या सीटी स्कॅन व एमआरआय सेवेबाबत

महोदय,

एखाद्या जिल्ह्यात सीटी स्कॅनचे किंवा एमआरआयचे यंत्र आले की त्याची बातमी होते, फीत कापली जाते आणि विभागाच्या वार्षिक अहवालात एका ओळीची भर पडते. त्या यंत्रातून निघालेले चित्र रात्री अडीच वाजता कोणी पाहिले, पाहून काय लिहिले आणि ते लिहिलेले उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या हाती किती वेळाने पडले, याची नोंद मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी रेडिऑलॉजिस्ट (स्कॅनची चित्रे वाचून निष्कर्ष लिहिणारा डॉक्टर) म्हणून काम करताना मला कोणत्याही शासकीय तक्त्यात आढळलेली नाही. यंत्रांची संख्या आणि महिन्याला झालेले स्कॅन एवढेच मोजले जाते. माझी विनंती अशी आहे की, रुग्ण रुग्णालयाच्या दारात आल्यापासून लेखी निष्कर्ष डॉक्टरांना मिळेपर्यंत गेलेला वेळ विभागाने मोजावा आणि त्याची जबाबदारी घ्यावी. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारांत रुग्णाचे भवितव्य बहुतेक वेळा त्याच अवधीत ठरते.

पक्षाघातात हा हिशेब सर्वांत कठोर असतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर द्यावे तितका त्याचा गुण अधिक येतो. पण अंगावरून वारे गेलेल्या प्रत्येक रुग्णाच्या मेंदूत गुठळीच असते असे नाही. काहींच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असतो आणि त्यांना हेच इंजेक्शन दिले तर ते जिवावर बेतते. तोंड वाकडे झाले आहे, एका बाजूचा हात-पाय उचलत नाही, बोलणे अडखळते आहे, एवढ्यावरून कितीही अनुभवी डॉक्टर या दोहोंतला फरक खात्रीने सांगू शकत नाही. डोक्याचा साधा, कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करण्यासाठी शिरेतून दिले जाणारे द्रव्य) न देता काढलेला सीटी स्कॅन तो काही मिनिटांत दाखवतो, कारण ताजे रक्त त्यावर पांढरे उठून दिसते. लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा असा स्कॅन काढण्यात आला. इतके जुने तंत्र आपल्या जिल्हा रुग्णालयात दिवसा मिळावे आणि रात्री मिळू नये, याला तांत्रिक कारण आता काही उरलेले नाही.

पक्षाघात हा शहरातल्या सुखवस्तू माणसांचा आजार आहे, ही समजूतही आता सोडून द्यायला हवी. 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ग्रामीण भागात केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मृत्यूच्या कारणांत पक्षाघात पहिल्या क्रमांकावर होता. दर सात मृत्यूंपैकी साधारण एक त्यामुळे झालेला होता आणि त्या रुग्णांपैकी बहुतेकांचा शेवट घरीच झालेला होता. भामरागडसारख्या तालुक्याच्या ठिकाणाहून गडचिरोलीला यायचे म्हणजे दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. साडेचार तासांपैकी तीन-साडेतीन तास रस्त्यातच गेले आणि उरलेला वेळ तंत्रज्ञाला घरून बोलावण्यात गेला, तर त्या रुग्णालयात यंत्र असले काय आणि नसले काय, रुग्णाला सारखेच.

समजा, तंत्रज्ञ आला आणि स्कॅन झाला. फिल्म रात्रपाळीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हाती पडते. मोठा रक्तस्राव त्यांना दिसतो, कवटीच्या आतल्या बाजूला भिंगाच्या आकाराचे साचलेले रक्तही दिसते. अडचण होते ती गुठळीच्या रुग्णाची. पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा सीटी जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो. करड्या आणि पांढऱ्या भागांतली सीमारेषा किंचित पुसट होणे, एखादी रक्तवाहिनी शेजारच्यांपेक्षा अधिक पांढरी दिसणे, एवढ्याच खुणा असतात आणि त्या ओळखायला सरावलेला डोळा लागतो. मग 'स्कॅन नॉर्मल आहे' असे नातेवाइकांना सांगून रुग्णाला वॉर्डात झोपवले जाते आणि अहवाल दुसऱ्या दिवशी दहा-अकरा वाजता येतो. वस्तुतः लक्षणे स्पष्ट असताना आणि वेळ हातात असताना रक्तस्राव नसलेला असा स्कॅन म्हणजे इंजेक्शन सुरू करायला मिळालेली परवानगी असते. आपल्या व्यवस्थेत मात्र तोच स्कॅन घाई न करण्याचे कारण ठरतो. हे मला सर्वांत जास्त खटकते, कारण इथे यंत्र होते, वीज होती, चित्रही वेळेत निघाले होते.

फिल्मविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. स्क्रीनवर रेडिऑलॉजिस्ट एकच चित्र वेगवेगळ्या 'विंडो'मध्ये पाहतो. हाडाची वेगळी, रक्ताची वेगळी आणि मेंदूच्या ताज्या इजेसाठी आणखी अरुंद, ज्यात करड्या रंगाच्या छटांमधला बारीक फरकही उठून दिसतो. फिल्मवर एकदा छापलेली विंडो बदलता येत नाही. ती फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून मोबाइलवर फोटो काढायचा आणि तो ओळखीच्या डॉक्टरांना पाठवायचा, हीच आज अनेक ठिकाणची टेलिरेडिऑलॉजी, म्हणजे दूरच्या तज्ज्ञाकडून स्कॅन वाचून घेण्याची सोय, आहे. रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवताना सोबत दिलेली सीडी तिथल्या संगणकावर उघडत नाही, म्हणून स्कॅन पुन्हा काढला जातो. त्यात वेळ जातो आणि रुग्णाला किरणोत्सर्गही दुसऱ्यांदा सोसावा लागतो. मूळ डिजिटल चित्र एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात पाठवण्याची सोय ही आजच्या घडीला नव्या यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त गोष्ट आहे.

याबाबत हिमाचल प्रदेशाकडे पाहावे. तिथे २०१४ पासून शासनाने सीटी यंत्र असलेल्या रुग्णालयांतील डॉक्टरांना थोड्या मेंदूविकारतज्ज्ञांशी मोबाइलने जोडून दिले आणि गुठळी विरघळवणारे औषध मोफत उपलब्ध केले. डोंगराळ राज्य, तज्ज्ञ मोजकेच आणि चित्रे स्मार्टफोनवर पाठवलेली. वर ज्या मोबाइल फोटोंबद्दल मी तक्रार केली तसलेच फोटो तिथेही होते, पण ते पाहण्याचे काम कोणाचे हे आधी ठरलेले होते आणि पुढचे औषध कपाटात ठेवलेले होते. आपल्याकडे रेडिऑलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण देणारी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे प्राध्यापक आहेत आणि रात्रपाळी करणारे निवासी डॉक्टरही आहेत. त्यांच्यातूनच राज्यासाठी रात्रभर चालणारा वाचन-कक्ष उभा करता येईल. पक्षाघात आणि डोक्याला मार लागलेल्या रुग्णांचे स्कॅन आधी वाचायचे आणि निष्कर्ष लिहिण्याआधी तो फोनवर कळवायचा, एवढा शिरस्ता सुरुवातीला पुरे आहे. अर्थात निवासी डॉक्टरांच्या आताच्या कामात हे काम नुसते ढकलून चालणार नाही. त्यासाठी वेगळी पाळी आणि जबाबदार वरिष्ठ नेमावा लागेल.

मज्जारज्जूच्या आजारांत बहुधा तासांऐवजी आठवड्यांचा प्रश्न असतो आणि त्यामुळेच तिथली दिरंगाई कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. नेहमी येणारी एक चिठ्ठी नमुन्यादाखल सांगतो. 'एमआरआय एल.एस. स्पाइन. पाठदुखी, पाय जड.' एवढेच, म्हणजे फक्त कमरेच्या भागाचा एमआरआय करा, असे त्यावर लिहिलेले असते. रुग्णाला स्कॅनच्या टेबलावर घेण्याआधी दोन प्रश्न विचारले की वेगळेच चित्र पुढे येते. पाठ दोन-तीन महिन्यांपासून दुखते आहे, संध्याकाळी कणकण असते, वजन उतरले आहे. चालताना पायातली चप्पल निसटते आणि निसटली हे कळतही नाही. पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. लघवीला बसल्यावर वेळ लागतो. पावलांपासून वर टाचणी टोचत गेले तर बेंबीच्या पातळीपर्यंत टोचणे बोथट लागते. ही सगळी लक्षणे छातीच्या मणक्यांमागे मज्जारज्जूवर दाब असल्याची आहेत. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या मणक्याजवळच संपतो. त्यामुळे कमरेच्या एमआरआयमध्ये त्याचे केवळ शेवटचे टोक येते आणि छातीच्या सातव्या-आठव्या मणक्यातला, हा दाब आणणारा क्षयरोग चित्राच्या चौकटीबाहेर राहतो. अहवालात कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती किंचित फुगल्याचे लिहून येते, जे अनेकांच्या अहवालात असते. रुग्णाला पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या मिळतात. महिन्याभराने तोच रुग्ण स्ट्रेचरवरून येतो.

जगातील क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत आणि हाडांच्या क्षयरोगापैकी जवळजवळ निम्मा मणक्यांत होतो. साध्या एक्स-रेवर तो दिसू लागेपर्यंत मणक्यातले खनिज बऱ्याच प्रमाणात नष्ट झालेले असते, तर एमआरआयवर हाडाच्या मगजातली सूज कितीतरी आधी दिसते. कधीकधी एकमेकांपासून दूर असलेले दोन मणके एकाच वेळी बाधित असतात आणि दुखतो तो एकच. म्हणून माझी ठाम सूचना आहे की, शासकीय रुग्णालयांत किंवा शासनाशी करार केलेल्या केंद्रांत मणक्याचा कोणताही एमआरआय करताना मानेपासून माकडहाडापर्यंत संपूर्ण कण्याची एक उभी झलक घेणे बंधनकारक करावे. त्याला काही मिनिटे अधिक लागतात, कॉन्ट्रास्ट लागत नाही आणि वेगळे शुल्क आकारण्याचे कारण नाही. क्षयरोगाची औषधे शासन मोफत देते आणि वेळेत सुरू केली तर पायांतली ताकद बहुतेकांच्या बाबतीत परत येते. मोफत औषधापर्यंत पोहोचण्याचा रस्ता मात्र काही हजार रुपयांच्या खासगी एमआरआयमधून जातो, ही विसंगती आपल्या दोन्ही विभागांना दूर करता येण्यासारखी आहे.

स्कॅन मागवणाऱ्या चिठ्ठीचा नमुनाही बदलावा. आज त्यावर नाव, वय आणि 'कशाचा स्कॅन' एवढेच असते. त्यात लक्षणे किती दिवसांपासून आहेत, ताप आहे का, लघवी-शौचावर नियंत्रण आहे का, संवेदना कोठपर्यंत कमी आहे आणि नेमकी शंका कशाची आहे, या ओळी छापील असाव्यात. चित्र वाचणाऱ्याला हा तपशील किती लागतो ते मेंदूतल्या गाठींच्या बाबतीत स्पष्ट दिसते. फिट आलेल्या तरुणाच्या स्कॅनमध्ये मेंदूत एक लहानसे वलय दिसले, तर ती फीतकृमीच्या अळीची गाठ असू शकते किंवा क्षयरोगाचीही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी १९९०च्या दशकात या दोहोंत फरक करण्यासाठी निकष सुचवले. त्यांतले काही चित्रातले आहेत, म्हणजे गाठ २० मिलिमीटरपेक्षा मोठी नसणे आणि सुजेने मेंदूची मध्यरेषा सरकलेली नसणे. बाकीचे रुग्णाच्या तपासणीतले आहेत, जसे की मेंदूच्या कामातला वाढत जाणारा बिघाड (उदा. हातापायांतली ताकद कमी होत जाणे) नसणे आणि शरीरात दुसरा कोणताही सक्रिय आजार नसणे. कोरी चिठ्ठी आली तर रेडिऑलॉजिस्ट 'हे किंवा ते' असे लिहून मोकळा होतो, आणि तेवढ्यावर कोणीतरी दीर्घकाळची औषधे सुरू करतो.

एमआरआयच्या रांगेबद्दल लिहिताना माझ्याच व्यवसायबंधूंचा रोष ओढवेल, तरी लिहितो. या रांगेत मोठा वाटा साध्या कंबरदुखीचा असतो. पायांत ताकद आहे, ताप नाही, लघवी व्यवस्थित आहे, वजन उतरलेले नाही, अशा रुग्णाला पहिले सहा आठवडे एमआरआयची गरज सहसा नसते. काहीच दुखत नसलेल्या माणसांचे स्कॅन तपासणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या सुमारे ८४ टक्के निरोगी लोकांच्या चकत्या फुगलेल्या आढळतात. 'चकती सरकली' हे शब्द ऐकून घाबरलेली माणसे शस्त्रक्रियेच्या चौकशीला लागतात आणि त्यांच्या मागे रांगेत मणक्याच्या क्षयरोगाचा तो रुग्ण उभा असतो. तारखा अर्ज आल्याच्या क्रमाने न देता लक्षणांच्या तीव्रतेने द्याव्यात. लघवी एकाएकी अडलेली आणि बसण्याची जागा बधिर झालेली व्यक्ती आली, तर तिचा एमआरआय त्याच दिवशी व्हायला हवा. तिच्या मूत्राशयावरचा ताबा परत येण्याची शक्यता दर तासाला कमी होत असते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मेंदूच्या आणि मणक्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया होतात, याबद्दल विभागाचे ऋण मानायला हवेत. पण पूर्वमंजुरीसाठी निदानाचा पुरावा म्हणून स्कॅनचा अहवाल जोडावा लागतो आणि अनेकदा तो रुग्णाने खिशातून पैसे भरून आधीच काढलेला असतो. ज्यांच्याकडे तेवढे पैसे नसतात ते योजनेच्या दारापर्यंत येतच नाहीत आणि म्हणून योजनेच्या आकडेवारीतही दिसत नाहीत. तातडीच्या लक्षणांची एक छोटी यादी करून त्या रुग्णांचा सीटी किंवा एमआरआय भरती होण्याआधीच मोफत व्हावा, अशी तरतूद योजनेत करावी.

सुरक्षेचा एक मुद्दा दुर्लक्षित राहतो. सीटी स्कॅन आणि एक्स-रेवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. एमआरआयमध्ये आयनीकारक किरणोत्सर्ग नसल्याने तो त्या कक्षेत येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील महापालिकेच्या एका रुग्णालयात एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर गेला आणि त्यात रुग्णासोबत आलेल्या तरुण नातेवाइकाचा जीव गेला. दीड टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट शक्तिशाली असतो आणि स्कॅन चालू नसतानाही तो चालूच असतो, हे वॉर्डबॉयपासून सफाई कामगारापर्यंत प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. नव्या यंत्रांच्या निविदेत चुंबकाला न ओढला जाणारा स्ट्रेचर व सिलिंडर, दारावर कायम नेमलेला माणूस आणि दरवर्षीचे प्रशिक्षण या अटी यंत्राच्या किमतीबरोबरच घालाव्यात. यंत्र किती टेस्लाचे घ्यावे यावर बैठकांत बराच काथ्याकूट होतो. जिल्हा पातळीवरच्या बहुतेक कामाला दीड टेस्ला पुरते. तीन टेस्लाच्या हौसेत जाणारा पैसा रात्रीच्या तंत्रज्ञाच्या पगारावर खर्च झालेला मला अधिक आवडेल.

राहिला करारांचा प्रश्न. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या २०१५ मधील मोफत निदान सेवा उपक्रमात जिल्हा रुग्णालयांतील सीटी स्कॅन आणि टेलिरेडिऑलॉजी या दोन्हींचा समावेश होता, म्हणजे धोरण पूर्वीपासून आहे. खासगी भागीदाराला दर स्कॅनमागे पैसे द्यायचे ठरवले की स्कॅन वाढतात, अहवालाचा दर्जा सुधारतोच असे नाही. देयकाचा काही भाग अहवाल ठरलेल्या वेळेत मिळण्यावर अवलंबून ठेवावा आणि दर महिन्याला काही अहवाल न सांगता निवडून दुसऱ्या रेडिऑलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्यावेत. गेल्या काही वर्षांत अनेक जिल्हा रुग्णालये नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना जोडली गेली आहेत. त्यामुळे एकाच आवारात यंत्र एका विभागाचे आणि तंत्रज्ञाचे रिक्त पद दुसऱ्या विभागाचे, असा प्रकार घडतो. म्हणूनच हे पत्र मी आपणा दोघांना उद्देशून लिहिले आहे. पत्र एकाकडून दुसऱ्याकडे 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पाठवले जाऊ नये, एवढी अपेक्षा आहे.

पुढील तिमाहीपासून प्रत्येक शासकीय रुग्णालयाच्या नावापुढे तीन आकडे जाहीर करावेत. पक्षाघात आणि डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या रात्रीच्या सीटीचा लेखी निष्कर्ष मिळायला दारात आल्यापासून किती मिनिटे लागली, मज्जारज्जूवर दाब असल्याच्या शंकेने मागितलेल्या एमआरआयला किती दिवस लागले, आणि यंत्र किती दिवस बंद होते. यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. प्रत्येक स्कॅनच्या चित्रात तो काढल्याची तारीख आणि वेळ यंत्र आपोआप नोंदवते, संगणकावर लिहिलेल्या अहवालावरही ती असते. केसपेपरवर रुग्ण आल्याची वेळ तेवढी न विसरता लिहायला सांगावी. तक्त्याचा नमुना तयार करून देण्याची माझी तयारी आहे आणि विभागाने बोलावल्यास माझ्यासारखे इतर रेडिऑलॉजिस्टही त्यासाठी वेळ काढतील, अशी माझी खात्री आहे.

आपला विश्वासू,
जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणारा एक रेडिऑलॉजिस्ट